आमच्या पायातल्या वहाणा

स्मरणिकेत यंदा इतिहासविषयक लेख हवेत असे ठरले आणि इतर भगिनींनी जिजाऊ, अहिल्यादेवी, झाशीची राणी हे विषय पटापट उचलले. मी सातवी पास. थोरामोठ्यांवर लिहावयाचे तर पुष्कळ ग्रंथ धुंडाळावे लागतात, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी जो तासभर मिळतो त्यात ते होणे नाही. म्हणून मी सिंहासनाकडे न पाहता पायाकडे पाहिले. बाईच्या चपलेला कसला आला आहे इतिहास, असे आमच्या घरी हे म्हणालेच. पण शोधू लागले तो पुष्कळ सापडला. वाचनालयातल्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून आणि थोरल्या मुलीच्या मोबाइलमधून वेचलेले येथे मांडते.

विषय सुचला तो माझ्याच पायांमुळे. माझे पाऊल पुढे पसरट आहे, अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेले आहे, आणि डावा पाय उजव्याहून जरा मोठा. अशा पायांच्या दहा-बारा जणी आपल्या मंडळातही सहज निघतील. हळदीकुंकवाच्या दिवशी दारात काढलेल्या चपला पाहिल्या की कोणाचा पाय कसा ते समजते. कोणाचा पट्टा कडेला उसवलेला, कोणाची टाच एकाच बाजूने झिजलेली, तर कोणी मापाहून मोठी घेतली म्हणून मागे दोन बोटे जागा मोकळी.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी म्हणून शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. लग्नात घालता यावी आणि पुढे रोज मंडईलाही चालावी, अशी देखणी पण टिकाऊ चप्पल हवी होती. सात जोड काढून झाले. लांबीला बसे तो रुंदीला आवळे, रुंदीला बसे तो टाचेतून निसटे. शेवटी तो विक्रेता मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही जेंट्समध्ये बघा. लेडीजमध्ये तुमच्या पायाला काही यायचे नाही." पाय माझा, पैसे माझे, आणि अपराधही माझाच ठरला! चप्पल पायासाठी की पाय चपलेसाठी, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे.

मुळात बाईने पायात काही घालावे की नाही, येथूनच वाद होता. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपण साऱ्यांनी ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा ती बायकांना उद्देशूनच ऐकली आहे. गंमत अशी, की जिला वहाण म्हणत तिच्याच पायात वहाण नसे. आमची आजी शेतात, विहिरीवर, बाजारात अनवाणीच जाई. पुढे वडिलांनी तिला चपला आणून दिल्या, तर चावडीवरून जाताना ती त्या काढून हातात घेई आणि वळण ओलांडले की पुन्हा घाली. वडीलधाऱ्या पुरुषांसमोरून पायात घालून जाणे म्हणजे उर्मटपणा. ही आजीची मर्यादा झाली. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना कितीतरी गावांत वरच्या म्हणविणाऱ्यांच्या आळीतून वहाणा घालून चालण्याची मनाईच असे. तो मर्यादेचा नव्हे, जुलमाचा भाग होता, आणि दोन्ही एका मापाने मोजू नयेत असे मला वाटते.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेस जाण्यापूर्वी, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे इंग्रजीतून भाषण केले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्यात त्यांनी मुंबईत शाळेला जातानाचे आपले हाल सांगितले आहेत. लोक खिडकीतून डोकावून पाहात, गाड्या थांबवीत, हसत, आणि पायात बूट नि मोजे चढवून शाळेला निघालेली ही बाई कोण, असे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारीत. कोणी खडेही मारीत. हातातली पुस्तके लोकांना जेवढी खुपली तेवढेच पायातले बूटही खुपले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या पायात बूट आला तो पाय आता लांब जाणार, हे त्या हसणाऱ्यांना बरोबर समजले असावे. आणि तो गेलाच. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

आता वहाण करणाऱ्यांविषयी. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, आपण संतांच्या पादुकांवर डोके टेकतो, वारीत त्या पालखीतून नेतो. पण पादुका डोक्यावर आणि वहाण करणारा उंबऱ्याबाहेर, हा आपला न्याय! ज्या चर्मकाराने पाऊल हातात धरून माप घेतले त्याच हाताला पाण्याच्या घागरीजवळ येऊ द्यावयाचे नाही. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. कायद्याने बंद झाली, असे म्हणू. मनातून ती किती गेली हे ज्याचे त्याला ठाऊक. मात्र त्या कारागिरांचे एक काम असे होते की त्याची बरोबरी पुढे कोणत्याच कारखान्याला करता आली नाही. ते पायाकडे पाहून वहाण करीत.

आपल्या कोल्हापुरी चपलेचेच पाहा. आज एकच नाव चालते, पण पूर्वी कापशी, पायताण, बक्कलनळी, पुकरी अशी वेगवेगळी नावे होती; काही गावावरून पडलेली, काही घडणीवरून. आजही ही चप्पल एकट्या कोल्हापुरात होत नाही. अथणी, निपाणीकडेही होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेवरून आपण भांडलो तरी चपलेने दोन्हीकडचे पाय धरले आहेत.

जुन्या रीतीत कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरीत. तळ, टाच, पट्टा, अंगठा, कान हे सारे भाग चामड्याच्याच वादीने शिवावयाचे, खिळा मारावयाचा नाही. वरची नाजूक वेणी घालण्याचे काम घरातल्या बायकांकडे पुष्कळ ठिकाणी असते. म्हणजे पुरुषांच्या पायातली ऐटदार, करकर वाजणारी चप्पलही निम्मी बाईच्या बोटांतून आलेली असते. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. पुढे १९२० च्या सुमारास सौदागर घराण्याने जाडजूड चपलेची पातळ, दोन्ही बाजूंना कान असलेली आवृत्ती काढली, ती मुंबईत खपली आणि तेथून शहरी लोकांच्या पायात आली, असे सांगतात.

नवी कोल्हापुरी चावते, हे खरेच. परंतु ती चावते आणि मग वळते. चार दिवस खोबरेल तेलाचे बोट लावले, घरातल्या घरात घातली, की चामडे तुमच्या पायाचा आकार घेते. वर्षभर वापरलेली माझी चप्पल माझ्या जावेला होत नाही, जरी आम्हा दोघींचा नंबर एकच आहे. प्लॅस्टिकची चप्पल पहिल्या दिवशी जशी तशीच शेवटच्या दिवशी. तिच्यात पायाने नमावयाचे.

हा नंबर कोठून आला तेही सांगते, कारण दुकानात आपण पाच, सहा म्हणतो पण पाच म्हणजे काय हे कोणी विचारीत नाही. इंग्रजांचे माप जवाच्या दाण्यावर बसविलेले आहे. तीन जव लांबीने ठेवले की एक इंच. म्हणून एका नंबराचा दुसऱ्या नंबराशी फरक इंचाचा तिसरा हिस्सा. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग मोठ्यांचे पुन्हा एकपासून सुरू. खोक्यावर जे ३७, ३८ असे लिहिलेले असते ती फ्रान्सकडची रीत. तिच्यात एकेक नंबर सेंटिमीटरच्या दोनतृतीयांशाने वाढतो. जव आपल्याकडेही मापाला होतेच, आठ यवांचे एक अंगुळ असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. पण आपण ते चपलेला लावले नाही आणि इंग्रजांचे मात्र पत्करले.

यातली मेख अशी, की हे सगळे लांबीचे माप झाले. पाऊल रुंद किती, वरून उंच किती, याचा त्यात पत्ताच नाही. विलायतेत व अमेरिकेत रुंदीसाठी निराळी अक्षरे असतात, एकाच नंबरात अरुंद, मध्यम, रुंद असे जोड मिळतात. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात पायाची लांबी आणि रुंदी एकदम मोजणारे धातूचे साधन तयार केले आणि दुकानदुकानांतून ते ठेवले गेले. आपल्या बाजारात नंबर आला, रुंदी मागेच राहिली. म्हणून रुंद पायाची बाई एक नंबर मोठा घेते आणि मग ठेचाळते.

कारखान्यांना मी नुसती नावे ठेवणार नाही. बाटा कंपनी पुष्कळांना देशीच वाटते. तिचा जन्म १८९४ मध्ये आता चेक प्रजासत्ताकात असलेल्या झ्लिन गावी झाला. आपल्याकडे ती १९३१ मध्ये कोलकात्याजवळ कोन्नगरला सुरू झाली आणि पुढे तिच्या नावाने बाटानगर वसले. यंत्रावर हजारो जोड एकसारखे निघू लागले तेव्हा किंमत उतरली, आणि ज्यांच्या पायात कधीच काही नव्हते त्यांच्या पायात कापडी बूट आले, मुलांच्या पायात शाळेचे बूट आले. त्यानंतर रबरी हवाई चप्पल आली. माझ्या आईच्या पायातली पहिली वस्तू तीच. निळे पट्टे, पांढरा तळ. पट्टा तुटला तर नवा पट्टा ओवावयाचा, तोही तुटला तर सेफ्टी पिन. अनवाणी पायाला काटा लागण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण स्वस्ताईसाठी एक किंमत आपण दिली. यंत्राचा साचा एक, त्यात जो पाय बसेल तो चांगला आणि जो बसणार नाही तो वाईट, असे होऊन गेले.

साच्यात पाय कोंबल्यावर काय होते याचा एक जुना दाखला मिळाला. चौदाव्या शतकात इंग्लंडात लांब टोकदार जोड्यांची चाल पडली. टोके इतकी वाढली की १४६३ मध्ये राजाला कायदा करून सामान्यांच्या जोड्याचे टोक बोटांपुढे दोन इंचांहून लांब नसावे असे ठरवावे लागले. केंब्रिज येथे त्या काळातले आणि त्याआधीचे मिळून १७७ सांगाडे तपासून विद्वानांनी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला. टोकदार जोड्यांच्या आधीच्या लोकांत अंगठ्याचे हाड बाहेर आलेले शेकडा सहा, आणि टोकदार जोड्यांच्या काळात शेकडा सत्तावीस! पैसेवाल्यांत ते जास्त होते. माझ्या हाडाला मी आजवर वयाचा नि वाताचा दोष देत होते, आणि थोडे ते आईकडूनही आले असेल, कारण तिचाही अंगठा तसाच होता. पण लग्नाच्या पहिल्या दहा वर्षांत चार माणसांत जाताना घातलेल्या निमुळत्या सँडलांनाही आता जाब विचारावासा वाटतो.

याच्या उलट बाजूचेही वाचले. १९९२ मध्ये आपल्याच देशातल्या दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा ८.६ आणि अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८ निघाले; पुढून बंद जोडे घालणाऱ्यांत ते अधिक होते. पुढे २००९ मध्ये परदेशी संशोधकांनी भारतातल्या जन्मभर अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले. ते पाय पुढून रुंद होते आणि अंगाचा भार सगळ्या तळव्यावर सारखा वाटून घेत होते. म्हणजे आजीचे ते फताडे पाऊल, ज्याला आम्ही पोरी लहानपणी हसत होतो, ते चांगल्या कामाचे पाऊल होते. म्हणून आता अनवाणी हिंडावे असे मी सांगत नाही. काचा, खिळे आणि उन्हातले डांबर कोणाची गय करीत नाहीत.

सर्वांत आनंदाची बातमी मला अगदी अलीकडची वाटते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा, की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायांहून रुंद आहेत, आणि अरुंद जोड्यांमुळे लोक गरजेपेक्षा लांब जोडे घेऊन वेळ मारून नेतात. आपल्या बायकांच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते, हेही त्यात दिसले. मग त्यावरून 'भा' नावाची नवी मापपद्धत सुचविली गेली. भा म्हणजे भारताचा. त्याची बातमी २०२४ मध्ये आली ती मी कापून ठेवली आहे. इंग्रज गेल्याला पंच्याहत्तर वर्षे उलटल्यावर कोणीतरी आमच्या पायाखाली कागद धरला! तो दुकानातला मुलगा चुकला तो येथेच. माझे पाऊल बाईचेच आहे, फक्त ते इकडचे आहे.

येथे एक विषयांतर करते. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरात कोल्हापुरीसारख्या चपला मिरविल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपल्याकडे ओरड झाली तेव्हा मूळ प्रेरणा त्यांनी मान्य केली. डिसेंबरात येथील चर्मोद्योग महामंडळांशी त्यांचा करार झाल्याचे वाचले. दोन हजार जोड येथेच करावयाचे आणि सुमारे ८०० युरोंना विकावयाचे. आपल्या पैशांत ते पाऊण लाखाहून अधिक होतात. त्यात वेणी घालणाऱ्या बाईला किती मिळतील हे बातमीत नव्हते.

आपले अंदाजपत्रक अर्थातच निराळे. किराणा, दूध, मुलांची फी यांतून चपलेसाठी जे उरते ते हजाराच्या आत. तेवढ्यात देखणी चप्पल मागणे म्हणजे चैन, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. दिवसातून चार वेळा घराबाहेर पडावयाचे, तर पायातली वस्तू डोळ्यांनाही बरी दिसावी. आणखी एक पाहा. ब्लाऊज आपण तयार आणून कधी घालतो का? शिंप्याकडे माप देतो, गळा किती, बाही किती सांगतो, शिलाई देतो, बिघडला तर उसवून घेतो. अंगाला जे चालते ते पायाला का चालू नये?

गेल्या दिवाळीआधी मंडळातल्या आम्ही अकरा जणींनी असेच केले. बाजाराच्या बोळात बसणाऱ्या चर्मकार दादांना आम्ही आपापल्या पावलांचे कागद नेऊन दिले. त्यांनी एकेक कागद पाहून विचारले, हाड दुखते का, भोवरी कोठे आहे, दिवसभर उभे राहावे लागते का. माझ्या चपलेचा पट्टा त्यांनी हाडावरून काढून बोटभर मागे घेतला आणि आतून मऊ कातडे लावले. डावा तळ उजव्याहून जरासा मोठा कापला; घालून चालले तर कोणाला कळतही नाही. ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात अशा दोघींना त्यांनी चिकटपट्टीचा पट्टा करून दिला. (ती चिकटपट्टी म्हणजे वेल्क्रो. स्वित्झर्लंडमधल्या एका गृहस्थाला कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे पाहून ती सुचली आणि १९५५ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले.) साडेआठशे रुपये जोड पडला. त्या मोठ्या दुकानातला, मला न झालेला जोड अठराशेचा होता. रंगही आम्ही आपापला निवडला, कोणी तपकिरी, कोणी लाल गोंडा. दादांनी आमचे कागद नावे घालून ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या खेपेस माप द्यावयास नको.

यंदा ज्यांना करून घ्यावयाच्या असतील त्यांनी कागद माझ्याकडे द्यावेत. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाऊल फुगते आणि सकाळच्या मापाची चप्पल रात्री आवळते. बसून आखू नये. उभे राहून, भार टाकून, दुसरीकडून पेन्सिल फिरवून घ्यावी, आणि पेन्सिल सरळ उभी धरावी, आत झुकवू नये. दोन्ही पायांचे कागद वेगळे असावेत. हाड जेथे असेल तेथे फुली मारावी. आखलेल्या रेषेवर नाव आणि डावा-उजवा लिहावे. मागच्या वेळी दोघींनी लिहिले नव्हते, तेव्हा दादांना त्यांच्या घरी माणूस पाठवावा लागला.